अवरुद्धा स्त्रीचा निर्वाहहक्क : मिताक्षरेपासून एकविसाव्या शतकापर्यंत

प्रास्ताविक :

मयत व्यक्तीच्या मिळकतीचा विचार करताना कायदा प्रथम नाते पाहतो. पत्नी, पुत्र, कन्या, माता ही नाती सिद्ध झाली की वारसाहक्काचा प्रश्न बहुतांशी सुटतो. परंतु ज्या स्त्रीने विवाहाविना एखाद्या पुरुषासोबत आयुष्याची वीस-पंचवीस वर्षे काढली, त्याचे घर सांभाळले, त्याच्या शेतात कष्ट केले, त्याच्या आजारपणात शुश्रूषा केली, त्या स्त्रीला त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मिळकतीतून काही मागता येते काय? हा प्रश्न अलीकडच्या महानगरी जीवनातून निर्माण झाला, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक तो बराच जुना आहे. प्राचीन निबंधकारांनी त्याची दखल घेतली होती आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकापासून त्यावर निवाडे दिले होते.

या इतिहासाकडे पाहताना एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. जुन्या हिंदू कायद्यात अशा स्त्रीला पुरुषाच्या हयातीत कोणताच हक्क नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर मात्र त्याच्या मिळकतीतून निर्वाहाचा हक्क होता. आजच्या कायद्यात पुरुषाच्या हयातीत तिला काही प्रमाणात संरक्षण आहे. त्याच्या मृत्यूनंतर मात्र सहचरी म्हणून तिच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही. हक्काची ही दिशा कशी व का उलटली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

१. धर्मशास्त्रातील आधार :

महाराष्ट्रात हिंदू दायविषयक कायद्याचा प्रमुख आधार म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वरकृत मिताक्षरा ही टीका होय. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६ ते ११२६) याच्या काळात ती रचली गेली. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण या भागांत सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाला विशेष प्रामाण्य होते.

पुत्रहीन व विभक्त पुरुषाची विधवा पत्नी त्याची वारस होते, हे विज्ञानेश्वराला सिद्ध करावयाचे होते. परंतु बेवारस धन राजाकडे जाते आणि राजाने मयताच्या स्त्रियांना केवळ निर्वाहापुरते द्यावे, अशा आशयाचे नारदाचे वचन त्याच्या वाटेत उभे होते. त्याने हा विरोध शब्दाच्या काटेकोर अर्थाने सोडविला. नारदाच्या वचनात ‘पत्नी’ असा शब्द नाही, सामान्यतः स्त्री असा अर्थ आहे. म्हणून ते वचन पत्नीला लागू नसून अवरुद्धा स्त्रीला लागू आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. अशा रीतीने एकाच युक्तिवादातून दोन हक्क स्पष्ट झाले. पत्नीला दाय मिळाला आणि अवरुद्धेला निर्वाह मिळाला.

‘अवरुद्धा’ या शब्दाचा मूळ अर्थ अडवून किंवा रोधून ठेवलेली असा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या दंडविषयक भागात अन्य पुरुषाच्या अवरुद्धा दासीशी संबंध ठेवणाऱ्यास पन्नास पणांचा दंड सांगितला आहे. तेथे ही स्त्री धन्याच्या नियंत्रणाखालील दासी म्हणून येते. म्हणजे ज्या शब्दाने तिला निर्वाह मिळवून दिला, त्याच शब्दात तिचे परावलंबित्वही सामावलेले होते. या हक्काचे मूल्यमापन करताना ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

२. इलाख्यातील सामाजिक वास्तव :

मराठी समाजात विवाहाच्या सीमारेषा सर्वत्र सारख्या स्पष्ट नव्हत्या. विधिपूर्वक लग्नाच्या जोडीला अनेक जातींत पाट किंवा मोहतर यांची रीत होती. विधवा स्त्री पाट लावून दुसरा संसार मांडीत असे. काही जातींत पहिल्या नवऱ्याची सोडचिठ्ठी घेऊन किंवा जातपंचायतीच्या परवानगीनेही पाट लागत असे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात दख्खनमधील जातींच्या चालीरीतींची जी माहिती सरकारी आज्ञेने गोळा करण्यात आली व आर्थर स्टील याने १८२७ मध्ये ग्रंथरूपाने सिद्ध केली, तीत अशा रूढींची विस्तृत नोंद आहे. दुसऱ्या बाजूस सरंजामी घराण्यांत नाटकशाळा, राख व कुणबिणी ठेवण्याची प्रथा होती आणि त्यांच्या संततीला लेकावळे म्हटले जाई.

ब्रिटिश न्यायालयांपुढे ही विविधता आली तेव्हा तिला दोनच खाने उपलब्ध होते : पत्नी अथवा रखेली. १८१० मध्ये कोलब्रुकने मिताक्षरेच्या दायविभागाचे इंग्रजी भाषांतर केले. तेव्हापासून अवरुद्धा स्त्रीसाठी ‘कॉन्क्युबाइन’ या अर्थाची परिभाषा न्यायालयांत रुळली. १८६४ पर्यंत न्यायालयांत शास्त्री नेमलेले असत व त्यांच्या व्यवस्था विचारल्या जात. ही पदे रद्द झाल्यावर इंग्रज न्यायाधीश भाषांतरित ग्रंथ, वेस्ट व ब्यूलर यांनी संपादित केलेला व्यवस्थासंग्रह आणि पूर्वीचे निवाडे यांवर विसंबून राहू लागले.

या प्रक्रियेचा परिणाम पाटाच्या संबंधांवर झाला. राही विरुद्ध गोविंद (१८७५) या खटल्यात पहिल्या नवऱ्यापासून रीतसर फारकत न घेता पाट लावलेल्या स्त्रीच्या मुलाचा प्रश्न होता. न्यायालयाने हा संबंध व्यभिचारजन्य मानला. त्यामुळे त्या मुलाला शूद्राच्या दासीपुत्राप्रमाणे वाटा मिळू शकला नाही. त्याला केवळ निर्वाहाचा हक्क मान्य झाला. पुढच्याच वर्षी शंभू रघू खटल्यात, नवरा जिवंत असताना स्त्रीला दुसरे लग्न करण्याची मुभा देण्याचा जातपंचायतीचा अधिकार न्यायालयाने नाकारला. जी स्त्री आपल्या जातीच्या दृष्टीने संसारी होती, ती कायद्याच्या दृष्टीने अविवाहित सहचरी ठरू लागली. अवरुद्धा स्त्रीचा वर्ग केवळ श्रीमंतांच्या वाड्यांतून तयार झाला नव्हता. न्यायालयीन व्याख्यांनीही त्यात भर घातली, हे यावरून स्पष्ट होते.

३. निवाड्यांतून घडलेला हक्क :

मुंबई उच्च न्यायालयाच्या निवाड्यांतून या हक्काचे स्वरूप क्रमाक्रमाने निश्चित झाले. त्याची चार प्रमुख अंगे दिसतात.

पहिले अंग म्हणजे हा हक्क वारसाचा नव्हता. अवरुद्धा स्त्रीला मिळकतीत वाटा मिळत नसे. ज्यांच्या हाती मयताची मिळकत गेली, त्यांनी तिच्यातून या स्त्रीचा निर्वाह चालवावा, एवढेच बंधन होते. वारसाने मिळकत घ्यावी, पण तिच्यासोबत येणारी जबाबदारीही घ्यावी, असे हे तत्त्व होते.

दुसरे अंग काळाचे होते. निंगारेड्डी विरुद्ध लक्ष्मव्वा (१९०१) या निवाड्याने व त्याच सुमाराच्या मद्रास उच्च न्यायालयाच्या निवाड्याने हे स्पष्ट झाले की पुरुष हयातीत अशा स्त्रीला केव्हाही सोडून देऊ शकतो आणि तिला त्याविरुद्ध पोटगी मागता येत नाही. संबंध त्याच्या मृत्यूपर्यंत अखंड राहिला असेल तरच तिचा हक्क उत्पन्न होतो. वीस वर्षे सोबत राहिलेल्या स्त्रीला शेवटच्या वर्षी घराबाहेर काढले, तर तिची सारी वर्षे कायद्याच्या हिशेबी वाया जात.

तिसरे अंग निष्ठेचे होते. यशवंतराव विरुद्ध काशीबाई (१८८८) या खटल्यात अशा स्त्रीचा निर्वाह तिच्या एकनिष्ठतेवर अवलंबून ठरविण्यात आला. पुरुष हयात नसला तरी त्याच्याशी असलेली निष्ठा तिने पाळावी, अशी अपेक्षा होती. विधवेच्या निर्वाहालाही तेव्हा शीलाची अट होती. पत्नीपदाचा मान न देता पत्नीची बंधने मात्र लादावयाची, असा हा न्याय होता.

चौथे अंग संबंधाच्या उघड व स्थायी स्वरूपाचे होते. या संदर्भात मुंबईहून प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलेला बाई नागूबाई विरुद्ध बाई मोंघीबाई (१९२६) हा खटला महत्त्वाचा आहे. अवरुद्धा स्त्रीने मयताच्या घरात, त्याच्या पत्नी व कुटुंबासमवेत राहिलेच पाहिजे, ही अट आवश्यक नसल्याचा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने दिला. स्वतंत्र घरात ठेवलेली स्त्रीही, संबंध उघड, स्थायी व मृत्यूपर्यंतचा असल्यास, निर्वाहास पात्र ठरली. मुंबईसारख्या शहरात अनेक धनिकांचे दुसरे बिऱ्हाड वेगळ्या पेठेत असे. त्या दृष्टीने हा निर्णय व्यवहाराला धरून होता.

यापुढचे पाऊल १९४५ मध्ये पडले. अक्कू प्रल्हाद विरुद्ध गणेश प्रल्हाद या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने असा निर्णय दिला की नवरा हयात असताना त्याला सोडून दुसऱ्या पुरुषासोबत कायमची राहिलेली स्त्रीही अवरुद्धा स्त्री होऊ शकते. सत्तर वर्षांपूर्वी पाटाचा ज्या प्रकारचा संबंध व्यभिचारजन्य ठरला होता, तशा संबंधातील स्त्रीलाही निर्वाहाचे दार यामुळे उघडले. न्यायालयाने या संबंधाला नैतिक मान्यता दिली नाही. परंतु तिच्या अवलंबित्वाकडे पाठ फिरविली नाही.

येथे आणखी एक संदर्भ लक्षात घ्यावा लागतो. १९३७ च्या हिंदू स्त्रियांच्या मालमत्ताहक्क कायद्यापर्यंत अविभक्त मिताक्षरा कुटुंबातील विधवेलाही मिळकतीत वाटा नव्हता. तिलाही निर्वाहच मिळत असे. प्रतिष्ठेच्या दृष्टीने विधवा व अवरुद्धा यांच्यात मोठे अंतर होते. परंतु अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीसंबंधी दोघींचीही मागणी निर्वाहाचीच होती. पुढील सुधारणांनी विधवेला वारस बनविले आणि हे अंतर एकदम वाढले.

४. संहिताकरण आणि वगळलेला उल्लेख :

हिंदू कायद्याच्या संहिताकरणाच्या काळात अवरुद्धा स्त्रीचे काय झाले, हा या इतिहासातील निर्णायक भाग आहे. ९ एप्रिल १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू संहिता विधेयक प्रवर समितीकडे सोपविण्याचा प्रस्ताव मांडला. मयताच्या मिळकतीतून निर्वाह मागू शकणाऱ्या अवलंबितांचे अकरा प्रकार विधेयकात आहेत, असे त्यांनी सांगितले. या यादीत रखेलीचाही समावेश आहे ही गोष्ट आपल्याला व्यक्तिशः दुर्दैवी वाटते, तथापि हा विचारार्थ असलेला मुद्दा आहे, असेही त्यांनी नमूद केले. निर्वाहाची जबाबदारी मिळकत घेणाऱ्यांवर राहील, हे तत्त्व त्यांनी त्याच वेळी स्पष्ट केले होते.

या नाराजीचा अर्थ विधेयकाच्या एकंदर भूमिकेतून लावला पाहिजे. एकपत्नीत्व, घटस्फोट आणि कन्येला व विधवेला मालमत्तेत हक्क ही त्या विधेयकाची प्रमुख उद्दिष्टे होती. स्त्रीला ठेवून घेण्याची प्रथा ही जातिबद्ध व पुरुषप्रधान व्यवस्थेचे अपत्य होते. ज्या समाजात स्त्री समान नागरिक होणार, त्या समाजाच्या कायद्यात ‘ठेवलेली स्त्री’ असा वर्गच असू नये, ही भावना त्या भूमिकेशी सुसंगत होती. मात्र वर्ग कायद्यातून काढून टाकल्याने समाजातून नाहीसा होत नाही, ही अडचण शिल्लक राहिली.

पुढे १९५५-५६ मध्ये ही संहिता स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने संमत झाली. २१ डिसेंबर १९५६ पासून अमलात आलेल्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २१ मध्ये अवलंबितांचे नऊ प्रकार आहेत. त्यांत पिता, माता, विधवा, पुत्र व कन्या आदींसह अज्ञान अनौरस पुत्र आणि अविवाहित अनौरस कन्या यांचा समावेश आहे. त्या मुलांच्या आईचा मात्र उल्लेख नाही. शतकानुशतके मान्य असलेला एक हक्क नुसत्या अनुल्लेखाने संपुष्टात आला.

याच सुमारास दुसरी एक प्रक्रिया घडत होती. मुंबई इलाख्यात १९४६ च्या कायद्याने व पुढे १८ मे १९५५ पासून हिंदू विवाह कायद्याने देशभर हिंदूंमधील द्विभार्याविवाह अवैध झाला. हा बदल आवश्यकच होता. परंतु पहिली पत्नी हयात असताना ज्या स्त्रीशी लग्न लावले जाई, ती पूर्वी धाकटी पत्नी असे. आता ती कायद्याने कोणीच राहिली नाही. पत्नीपद नाही आणि अवरुद्धेचा निर्वाहही नाही, अशा दुहेरी पोकळीत ती सापडली. अनेकदा पुरुषाचे पहिले लग्न झाल्याचे तिला ठाऊकही नसे.

१९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमिरेड्डी खटल्यात या विषयावर महत्त्वाचा निर्णय दिला. संबंधित स्त्री १९३८ पासून १९४८ मध्ये पुरुषाचा मृत्यू होईपर्यंत त्याच्यासोबत राहिली होती. तिचा नवरा हयात होता. तिचा निर्वाहहक्क न्यायालयाने मान्य केला आणि १९५६ चा कायदा पूर्वलक्षी नसल्याने आधीच प्राप्त झालेला हक्क अबाधित असल्याचे सांगितले. या निर्णयाने जुन्या हक्काला सर्वोच्च मान्यता मिळाली, परंतु त्याच वेळी त्याची अंतिम मर्यादाही अधोरेखित झाली. कायदा अमलात आल्यानंतर मरण पावलेल्या पुरुषाच्या सहचरीला हा मार्ग खुला नव्हता.

५. १९५६ नंतरचे पर्यायी मार्ग :

मुख्य दार बंद झाल्यावर अशा स्त्रियांनी व न्यायालयांनी अन्य मार्ग शोधले. पहिला मार्ग विवाहाच्या गृहीतकाचा होता. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून राहिले असतील तर विवाह झाला असावा असे मानावे, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९२७ मध्ये मांडले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सुमारे पन्नास वर्षांच्या सहजीवनाला हे तत्त्व लावले. २०१५ मध्ये याच आधारे एका स्त्रीचा मयताच्या मिळकतीवरील हक्क मान्य झाला. परंतु या मार्गात स्त्रीला आपण सहचरी होतो असे म्हणता येत नाही. आपण पत्नीच होतो असे म्हणावे लागते. पुरुषाची पहिली पत्नी हयात असेल तर हे गृहीतक निरुपयोगी ठरते.

दुसरा मार्ग संततीचा आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ नुसार अवैध विवाहातील मुले औरस मानली जातात. १ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आईवडिलांच्या मिळकतीत, तसेच काल्पनिक वाटपाने अविभक्त मिळकतीतून त्यांच्या वाट्याला येणाऱ्या भागात, या मुलांना हक्क आहे. हा निर्णय न्याय्य आहे. तथापि आईची उपजीविका मुलांच्या सद्भावनेवर सोपविली गेली आणि निपुत्रिक स्त्रीला तोही आधार उरला नाही.

तिसरा मार्ग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायद्याचा आहे. २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आलेल्या या कायद्याने ‘विवाहसदृश संबंधा’ला प्रथमच वैधानिक स्थान दिले. निवास, संरक्षण व आर्थिक साहाय्य हे लाभ त्यामुळे शक्य झाले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संज्ञेची व्याख्या करताना दोघेही विवाहास पात्र, म्हणजे अविवाहित असण्याची अट घातली आणि ‘ठेवलेल्या’ स्त्रीला तीतून वगळले. त्या निवाड्यातील भाषेवर तत्कालीन अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी जाहीर आक्षेप घेतला होता. १९४५ मध्ये विवाहित स्त्रीलाही अवरुद्धा म्हणून निर्वाह देणारा कायदा आणि २०१० मधील ही अट यांची तुलना विचार करावयास लावणारी आहे. २०१३ मधील निर्णयात न्यायालयाने अशा स्त्रियांची असुरक्षितता मान्य केली, परंतु उपाय योजण्याचे काम संसदेचे असल्याचे म्हटले. यानंतर उत्तराखंडमध्ये २७ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या समान नागरी संहितेतही सोडून दिलेल्या सहचरीला निर्वाह मागण्याची तरतूद आहे. म्हणजे नव्या कायद्यांचा रोख मुख्यतः हयातीतील संबंधावर आहे.

मृत्यूनंतरच्या हक्कासाठी मृत्युपत्र हा एक खात्रीचा उपाय शिल्लक राहतो. नामनिर्देशनावर विसंबणे धोक्याचे आहे. विम्याच्या रकमेचा नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, असे १९८३ मध्येच ठरले होते. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी व मुले यांना नामनिर्देशित केल्यास लाभाचा हक्क मिळाला. सहचरी त्या यादीत नाही. ज्या स्त्रियांना या हक्काची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्या घरी मृत्युपत्र करण्याची रीत क्वचितच असते.

येथे इंग्लंडचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील १९७५ च्या कायद्याने मयतावर अवलंबून असलेल्या व्यक्तीला त्याच्या मिळकतीतून वाजवी तरतूद मागण्याची मुभा दिली. १९९५ च्या दुरुस्तीनंतर, मृत्यूपूर्वी किमान दोन वर्षे पती-पत्नीप्रमाणे एकत्र राहिलेल्या सहचराला अवलंबित्व वेगळे सिद्ध न करताही असा अर्ज करता येतो. हा वारसाहक्क नव्हे, तर मिळकतीवरील निर्वाहाचा भार आहे. लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलने १९२६ मध्ये मुंबईच्या स्त्रीसाठी जे तत्त्व मान्य केले होते, त्याच्याशी त्याचे साम्य उघड आहे.

निष्कर्ष :

या आढाव्यातून असे दिसते की अवरुद्धा स्त्रीचा हक्क हा उदारमतवादी हक्क नव्हता. त्यात पुरुषाच्या लहरीला मोकळीक होती, स्त्रीवर मरणोत्तर निष्ठेचे बंधन होते आणि तिच्या नावातच तिच्या पारतंत्र्याची खूण होती. तो जसाच्या तसा पुन्हा आणावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच्या मुळाशी एक तत्त्व होते : निर्वाहाची जबाबदारी विवाहाच्या वैधतेवर नव्हे, तर प्रत्यक्ष अवलंबित्वावर आधारलेली असते आणि ती मिळकतीसोबत वारसाकडे जाते. संहिताकरणाच्या वेळी प्रथा त्याज्य ठरविताना हे तत्त्वही तिच्यासोबत टाकून दिले गेले.

विवाहित पत्नीच्या हक्काला बाध न आणता हे तत्त्व पुन्हा स्वीकारता येण्यासारखे आहे. १९५६ च्या कायद्यातील कलम २१ च्या यादीत, मृत्यूपर्यंत दीर्घकाळ मयतासोबत राहिलेल्या व त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीचा समावेश हा त्याचा एक मार्ग होऊ शकतो. पत्नीचा वाटा अबाधित राहील आणि सहचरीला केवळ निर्वाह मिळेल, ही विभागणी विज्ञानेश्वराने नऊ शतकांपूर्वीच सुचविली होती.

प्रश्न भाषेचाही आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००४ मध्ये अवैध विवाहातील स्त्रीसाठी ‘अनौरस पत्नी’ व ‘एकनिष्ठ रखेली’ अशा अर्थाचे शब्द वापरले होते. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे शब्द स्त्रीद्वेष्टे असून स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधक असल्याचे नमूद केले आणि विवाह अवैध ठरला तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली पोटगी देता येते, असा निर्णय दिला. शब्द बदलले, ही मोठी गोष्ट झाली. मात्र या निर्णयाचा लाभ ज्या स्त्रीचे लग्न लागले होते तिलाच मिळतो. जिचे लग्नच लागले नाही आणि जिचा सहचर मृत्युपत्र न करता गेला, त्या स्त्रीला मयताच्या मिळकतीतून दोन वेळचे अन्न मागण्याचा जो हक्क १९५६ पूर्वी होता, तो आजही परत मिळालेला नाही.